मूळ गावाचे जुने नकाशे, गावाच्या नावाचा उगम आणि घराण्याचा शोध : अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं

भीमाकाठची

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव केत्तूर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. पणजोबा मुंबईला गिरणीत लागले आणि आम्ही तेव्हापासून मुंबईकरच झालो. जुनं गाव उजनी धरणात गेलं, आता केत्तूर नं. १, केत्तूर नं. २ अशी नवी गावठाणं आहेत पण आमचं घर कुठं होतं, शेत कुठं होतं, देवीचं ठाणं कुठं होतं हे सांगणारं घरात कोणी उरलं नाही. आत्या होती ती मागच्या वर्षी गेली. घरात एक पत्र्याची पेटी आहे त्यात शेतसाऱ्याच्या दोन पावत्या आणि एक मोडीतला कागद आहे, त्यावर सर्व्हे नंबर दिसतो पण आडनाव कुठंच नाही, नुसतं "रामा बिन सटवा", म्हणजे सटवाचा मुलगा रामा, एवढंच. मला तीन गोष्टी हव्या आहेत, धरणाच्या आधीचा गावाचा नकाशा, गावाच्या नावाचा उगम आणि सटवाच्या मागची नावं. सुरुवात कुठून करू? मुलीला दाखवायचंय की आपण कुठले.

जुनेकागद

ताई, तुमच्याकडे सर्व्हे नंबर आहे म्हणजे सगळ्यात मोठी गोष्ट आधीच हातात आहे. लोक आडनाव घेऊन शोधायला निघतात आणि अडकतात, कारण आपल्याकडे साधारण १९०० च्या आधीच्या कागदांत बहुतेक शेतकऱ्यांची आडनावं लिहिलेलीच नसतात, अमुक बिन तमुक एवढंच असतं आणि एका गावात चार रामा बिन सटवा निघतात. त्यांच्यातला आपला कोणता हे फक्त जमिनीवरून कळतं. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगतो की माणसाच्या मागं लागू नका, शेताच्या मागं लागा, शेत नकाशावर पक्कं करा मग त्या शेताच्या नोंदीतून माणसं आपोआप मागं मागं जात राहतात.

तुमच्या भागाची तर विशेष गोष्ट आहे. आपल्या मुंबई इलाख्यातली जी सर्व्हे पद्धत पुढं सगळीकडे गेली ती गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केली, म्हणजे तुमच्या नदीच्या अलीकडच्या काठावर. तिथून ती सोलापूरकडे सरकली. त्याआधी प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पाहणी झाली होती, तिचा सारा इतका चढा बसला की लोक जमिनी टाकून जायला लागले, म्हणून ही नवी मोजणी. सांगायचा मुद्दा, भीमेच्या दोन्ही काठांवर मोजणीचा कागद बराच जुना मिळतो.

आता कुठं जायचं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जा आणि गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर घालून अर्ज करा. मागायचं काय ते नीट लिहा नाहीतर आजचा गट नकाशा हातात देतात. टिपण, गुणाकार पुस्तक (शेताच्या क्षेत्राचा हिशोब), फाळणी नकाशा (पोटहिस्स्यांचा), आकारफोड (साऱ्याची हिस्सेवार वाटणी), शेतवार पत्रक, असं नाव घालून मागा. टिपण म्हणजे मोजणीदारानं शेतावर उभं राहून काढलेलं कच्चं चित्र, त्यात बांधाची लांबी साखळी आणि आण्यात लिहिलेली असते. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे म्हणजे एकर, सगळा हिशोब त्या साखळीवरच बसवलेला आहे. टिपणावर विहीर, मोठं झाड, ओढा, कधी कधी देऊळ सुद्धा दाखवलेलं असतं.

कऱ्हाकाठ

काकांनी लिहिलंय त्यात एक भर, आज सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि जुन्या पावतीवर सर्व्हे नंबर, हे दोन वेगळे. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव गट पडले तेव्हा नंबर बदलले. कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला हे एकत्रीकरणाच्या ९(३) ९(४) च्या उताऱ्यात सापडतं. आणि सातबाराच्या आधीचं हवं असेल तर कडई पत्रक मागा.

पण ताई तुमची जमीन पाण्याखाली आहे म्हणजे संपादन झालं असणार. तेव्हा भूसंपादनाचा निवाडा आणि पुनर्वसनाचं संकलन रजिस्टर हे दोन कागद विसरू नका. संकलन रजिस्टरात खातेदाराबरोबर कुटुंबातल्या माणसांची नावं असतात. आमच्या मामांच्या घरात वंशावळ त्यावरूनच जुळली, कोण वारस लागला कोण आधीच गेला होता सगळं तिथं होतं. उजनी १९८० ला पूर्ण झालं त्यामुळे हे कागद फार जुने नाहीत, जिल्ह्याला मिळायला हवेत. हेलपाटे होतील, चिकाटी सोडू नका.

भीमाकाठची

खूप खूप धन्यवाद काका आणि दादा. टिपण हा शब्दच मला नवीन. गावनकाशात घरं दिसतील का हो? आमचा वाडा वेशीजवळ होता असं आत्या सांगायची.

जुनेकागद

नाही, घरं दिसणार नाहीत. गावनकाशात शेतांचे नंबर, ओढे, नदी, गाडीवाट, शिवेचे दगड असं सगळं असतं पण गावठाण म्हणजे एक कोरा तुकडा. कारण गावठाणावर सारा नव्हता म्हणून आत मोजायची गरज पडली नाही. जिथं सिटी सर्व्हे झाला तिथंच घरनिहाय नकाशा मिळतो आणि ती बहुतेक शहरं आणि मोठे कसबे. आता २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजतायत पण ती आजची, तुमच्या नव्या केत्तूरची.

घरासाठी दुसरा रस्ता आहे. वेशीच्या, चावडीच्या, देवळाच्या खुणेवरून जुन्या माणसांकडून हातानं नकाशा काढून घ्या. कोऱ्या कागदावर नदी आणि देऊळ एवढंच काढून त्यांच्यासमोर ठेवा, मग माणूस स्वतःच बोट ठेवून सांगायला लागतो, इथं तेल्याचं घर, इथं पार, इथून पाणवठ्याची वाट. पंचाहत्तरीच्या पुढची माणसं नव्या गावात अजून असतील, कागद नंतर मिळतील पण ह्या माणसांकडे आधी जा.

रानजाई

नकाशांबद्दल मी लिहिते, माझं रोजचं काम जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे गावं, नद्या, टेकड्या दाखवणारे सविस्तर नकाशे, धरणाआधीच्या हव्यात. शीट शोधायची पद्धत सोपी आहे. आपला महाराष्ट्राचा पश्चिमेकडचा बराच भाग ४७ नंबरच्या मोठ्या शीटमध्ये येतो, १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश. तिचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, वरून खाली मोजायचे मग पुढच्या रांगेत. पुणे ४७ एफ मध्ये, इंदापूर ४७ एन मध्ये. त्या प्रत्येकाचे परत सोळा तुकडे म्हणजे एक इंचाला एक मैल वाली शीट. करमाळ्याचा पश्चिम भाग ७५ रेखांशाच्या आजूबाजूला आहे म्हणून ४७ जे आणि ४७ एन दोन्ही बघून ठेवा.

घरबसल्या लगेच हवं असेल तर अमेरिकी लष्कराच्या मॅप सर्व्हिसनं १९५० च्या दशकात भारताचे एकास अडीच लाख प्रमाणाचे नकाशे काढले होते, यू ५०२ मालिका म्हणतात, ते टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत. त्यात उजनी नाही, कोयनेचा शिवसागर नाही, जायकवाडीचा नाथसागर पण नाही, सगळ्या नद्या आपल्या पात्रात वाहताना दिसतात. गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि बारीक आहेत पण मोठी गावं सापडतात. आणि १९६१, १९७१ च्या जनगणनेचे जिल्हा हँडबुक बघा, त्यात तालुक्याचे नकाशे आणि गावांची यादी असते, दोन्ही धरणाआधीचे.

जुना नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर बसवायला क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. चार पाच अशा खुणा घ्यायच्या ज्या हललेल्या नाहीत, टेकडीचा माथा, पाण्याबाहेर राहिलेलं देऊळ, जुना रस्त्याचा फाटा. रेल्वे लाइन सरसकट धरू नका, कारण उजनीच्या फुगवट्यामुळे भिगवण डिकसळकडे लाइन हलवली आणि डिकसळचा जुना ब्रिटिशकालीन रेल्वेपूल पुढे रस्त्यासाठी वापरात आला. लोक नव्या लाइनवर जुनी लाइन बसवतात आणि सगळा नकाशा सरकतो. आणि एक करा, दुष्काळी उन्हाळ्यातलं उपग्रह चित्र निवडा. पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ, कुगावचा वाडा बाहेर येतो, तशीच जुनी गावठाणं पण चित्रात ओळखू येतात.

बालाघाट

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मी सीना नदीच्या पलीकडचा, म्हणजे परांडा भूमकडचा. आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे तो इथं लिहितो कारण करमाळ्याच्या लोकांच्या सोयरिकी आमच्याकडे असतात. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे गाव पंधरा वीस मैलांवर असलं तरी कागद पूर्ण वेगळा. महसुलाचं दप्तर उर्दूत, सन फसली म्हणजे महसुली वर्षगणना, आणि इकडे १९५४ च्या सुमारास झालेलं खासरा पाहणी पत्रक हा मोठा आधार. तुमची आजी पणजी परांड्याकडची असेल तर तिचं माहेर सोलापूरच्या दप्तरात शोधून काही मिळायचं नाही.

जिल्ह्यांची नावं पण बघा. दाखल्यावर दक्षिण सातारा लिहिलं असेल तर तो आजचा सांगली, १९४९ ला सातारा दोन झाला आणि १९६० ला दक्षिणेचं नाव सांगली झालं. पूर्व खानदेश म्हणजे जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. कुलाबा म्हणजे १९८१ पासूनचा रायगड. सिंधुदुर्ग १९८१ च्या आधी रत्नागिरीत होता, लातूर १९८२ च्या आधी उस्मानाबादेत, आणि उस्मानाबाद आता धाराशिव. गाव त्या वर्षी कोणाच्या अमलात होतं, इंग्रजांच्या, निजामाच्या, की औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट अशा संस्थानात, हे आधी ठरवा, कागद त्याच दप्तरात गेलेला असतो.

कऱ्हाकाठ

बालाघाट, अगदी बरोबर. सालांचं पण लिहितो, मोडी कागद वाचताना हमखास अडतं. शके असेल तर ७८ मिळवा. आपल्याकडचा फसली असेल तर ५९० किंवा ५९१. सुहूर सन म्हणजे अरबी सन असेल तर ५९९ किंवा ६००, कारण ही वर्षं मृगाला म्हणजे जूनमध्ये बदलतात. सुहूर सन आकड्यात नाही तर अरबी शब्दांत लिहितात आणि एकंपासून उलटं. "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे सात, सत्तर, शंभर, हजार, एकत्र ११७७, म्हणजे १७७६-७७. हे शब्द एकदा वहीत लिहून घेतले की पेशवाईतला कुठलाही कागद हातात आला तरी साल लागतं.

मोडी शिकायला घाबरू नका. दोन तीन महिने रोज अर्धा तास दिला की छापील पुस्तकातली मोडी येते, हस्ताक्षर मात्र गावच्या कुलकर्ण्यागणिक वेगळं, त्याला वेळ लागतो. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीच्या कामात कितीतरी जिल्ह्यांनी जुन्या मोडी मराठी नोंदी स्कॅन करून जिल्ह्याच्या वेबसाइटवर टाकल्यात, गावनिहाय. दाखला काढायचा असो नसो, सरावाला आणि शोधाला दोन्हीला सोनं आहे. त्यात गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, जन्ममृत्यूची नोंदवही, ती घरच्या शोधात सगळ्यात कामाची.

रानजाई

कोतवाल बुकावरून आठवलं. बायकांचा शोध कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. वंशावळ मागितली की सगळीकडे बाप, मुलगा, नातू. पण जुन्या कागदात बायका असतात, बघणाऱ्यानं बघायला पाहिजे. "सखू कोम रामा" म्हणजे रामाची बायको सखू. नवरा वारला आणि मुलं लहान असली की जमिनीला तिचंच नाव लागायचं, मग फेरफारात तिचा अंगठा पण सापडतो. माझ्या खापरपणजीचं नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, आम्ही सगळे तिला नुसतं "मोठी आई" म्हणायचो. ते नाव मला अशाच एका फेरफारात मिळालं, गोदा. खाली निशाणी डाव्या हाताचा अंगठा, शाई जराशी पसरलेली. मी तो कागद कितीतरी वेळ नुसता बघत बसले.

भीमाकाठची ताई, तुमच्या सटवाची बायको पण अशीच सापडेल. कोम हा शब्द डोळ्यात ठेवा.

भीमाकाठची

रानजाई, डोळ्यात पाणी आलं हो वाचून. आत्याच्या आईचं पण नाव आमच्याकडे नाहीये. नक्की बघते.

नावाच्या उगमाचं कोणी सांगेल का? घरात सांगतात की केतकीचं बन होतं म्हणून केत्तूर.

जुनेकागद

प्रत्येक गावाला अशी गोष्ट असते आणि ती लिहून ठेवा, ती पण गावाचाच ठेवा आहे. पण उगम म्हणून मांडायचा असेल तर आधी नावाचं सगळ्यात जुनं लेखी रूप शोधायचं आणि मग बोलायचं. पुण्याचं बघा, आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्य विषय, पूनक विषय असं येतं. कऱ्हाडचं करहाटक, तेरचं तगर, ठाण्याचं स्थानक. आजच्या रूपावरून कोणी अंदाज बांधत बसलं असतं तर तेरवरून तगर कधीच निघालं नसतं.

केत्तूरमधला शेवटचा भाग मात्र बोलका आहे. ऊर म्हणजे कन्नडमध्ये गाव. तुमच्या शेजारी जेऊर आहे, आणि लातूर तर लत्तलूर म्हणून शिलालेखांत येतं, राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरपुरवराधीश्वर म्हणवायचे. सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंत ही ऊरवाली गावं पसरलीत, तिकडे एके काळी कन्नड किती खोलवर होती ते त्यातून दिसतं. पहिल्या भागासाठी ताम्रपट, शिलालेख, पेशवे दप्तरातल्या परगण्याच्या याद्या असं मागं जावं लागेल. शेजारचं वांगी हे जुनं परगण्याचं ठिकाण, त्यामुळे "परगणे वांगी" असं शीर्षक असलेले कागद पुणे पुराभिलेखागारात मागून बघा.

सगळ्या गावांना लागू पडणाऱ्या काही खुणा. बुद्रुक आणि खुर्द हे फारसी बुजुर्ग आणि खुर्द, म्हणजे थोरलं आणि धाकटं, बऱ्याच वेळा मूळ गाव बुद्रुक आणि त्यातून फुटलेलं खुर्द. कसबा म्हणजे पेठेचं गाव. तर्फ, कर्यात, महाल हे महसुलाचे तुकडे, ते गावाच्या नावाला चिकटले असतील तर गाव जुन्या कुठल्या भागात होतं ते कळतं. संगमनेर, पारनेर, जामनेर यातलं नेर हे नगर. आणि वडगाव, पिंपळगाव, बोरगाव ही नावं जिल्ह्याजिल्ह्यात डझनांनी, म्हणून आडनाव वडगावकर असेल तर नुसत्या नावावरून गाव ठरवू नका, कुलदैवत आणि सोयरिकी कुठल्या भागातल्या ते आधी बघा.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. इंग्रजांच्या सर्व्हेआधी शेतांना नंबर नव्हते, थळं होती. गावची जमीन थळांत वाटलेली आणि थळाला ज्या घराण्यानं ती पहिल्यांदा कसली त्याचं नाव. ते घराणं संपलं किंवा परागंदा झालं तरी थळाचं नाव तेच राहायचं, त्या जमिनीला गतकुळी म्हणायचे. गावचा थळझाडा मिळाला तर त्या गावात तीनशे वर्षांपूर्वी कोणती घराणी होती त्याची यादीच हातात येते. आजही म्हातारी माणसं शेताला नंबरानं नाही तर नावानं ओळखतात, ती नावं उतरवून घ्या, त्यातली काही थळांचीच असतात.

सागरपार

मी पुण्यात असतो पण एका मॉरिशसच्या मराठी मित्रासाठी विचारतोय. त्यांचे पूर्वज गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून गेले. तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये स्थलांतरितांचे रजिस्टर आहेत त्यात वडिलांचं नाव, जात, वय, उंची, जिल्हा, परगणा, गाव असं लिहिलेलं आहे, पण गावाचं स्पेलिंग फ्रेंच इंग्रजी कानांनी ऐकलेलं. जिल्हा रत्नागिरी एवढं लागलं, गाव लागत नाही.

कऱ्हाकाठ

स्पेलिंग डोळ्यानं वाचू नका, मोठ्यानं वाचा, आणि वाचून घ्यायला रत्नागिरीकडचाच माणूस बसवा. त्या माणसानं मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीत नाव सांगितलं असणार, लिहून घेणारा तिसराच. मग परगण्याच्या रकान्यात जे आहे त्यावरून आजचा तालुका धरा आणि जनगणनेच्या हँडबुकातल्या त्या तालुक्याच्या गावांची यादी एकेक करून ओठात घोळवून बघा. आजचा सिंधुदुर्ग पण तेव्हा रत्नागिरीतच होता तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर मालवण, वेंगुर्ला, देवगड बाहेरच राहतील. त्यांच्या घरात कुलदैवताचं नाव टिकलंय का ते विचारा, कोकणात ग्रामदेवतेवरून गाव पुष्कळदा लागतं.

बालाघाट

हेळव्यांचं कोणी लिहिलं नाही अजून. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे हेळवी येतात, बैल घेऊन, सुगीच्या दिवसात. त्यांच्याकडे घराण्यांच्या वह्या असतात, मूळ गाव कुठलं, तिथून कधी निघाले, कोणाला किती मुलं. ठरलेली घरं असतात त्यांची. भीमाकाठची ताई, नव्या केत्तूरमध्ये विचारा तुमच्या भावकीकडे कोणी हेळवी किंवा भाट येतो का. आणि नाशिक, त्र्यंबक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, पणजोबा अस्थी घेऊन किंवा वारीला गेले असतील तर तिथं सही किंवा अंगठा असेल. गाव सांगितलं की उपाध्ये कोण ते तिथले लोक सांगतात.

भीमाकाठची

मंडळी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पेटीतल्या दोन्ही पावत्यांचे फोटो काढून मोठे करून पाहिले. सर्व्हे नंबर दोन्हीवर एकच आहे आणि मोडी कागदावर खाली सन फसली १३०१ असं एका ओळखीच्या बाईंनी वाचून दिलं, म्हणजे ५९० मिळवून १८९१-९२. त्याच कागदात "काशी कोम सटवा" असं पण आहे, त्यांनी वाचल्यावर मी दोनदा वाचून घेतलं. टिपण, गुणाकार, शेतवार पत्रक आणि निवाडा असं नाव घालून अर्ज लिहून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात करमाळ्याला जाते, आधी नव्या केत्तूरमध्ये चुलत आजोबांच्या घरी, कोरा कागद घेऊन.

जुनेकागद

फार छान. टिपण मिळालं की फोटो इथं टाका, साखळी आणे मी लावून देतो. आणि अर्जात सर्व्हे नंबरबरोबर पोटहिस्सा पण लिहा, पावतीवर नंबरापुढे तिरकी रेघ मारून छोटा आकडा असेल तो.